बोझीचा हात

आमच्या पोर्टलॉरीत काउई आडनावाची इतकी माणसं आहेत की बंदरावर उभं राहून "ए काउई" अशी हाक मारली तर निम्मं गाव मागं वळून बघेल. म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव असतं आणि बापाची बोट मुलाकडे येते तसं तेही येतं. वॉल्टर काउईला सगळे बोझी म्हणतात. बोझी म्हणजे काय ते त्याला माहीत नाही. त्याच्या आज्यालाही माहीत नव्हतं.

मी नॅन फ्लेट. उभा जन्म मासळीच्या कारखान्यात हॅडॉक कापण्यात गेला आणि शनिवार गेले 'बॅरल'मध्ये. 'बॅरल' हा बंदरावरचा पब. त्याचं दार उघडलं की चार पावलांवर समुद्राची भिंत. साखरेनं बोझीचे डोळे नेले तेव्हापासून त्याची मॅच म्हणजे मी. खिडकीखालच्या टेबलाशी तो बसायचा, मी शेजारी, माझं तोंड त्याच्या कानाला लागलेलं, कारण बोटीच्या इंजिनानं त्याचे कानही अर्धे खाल्ले होते. मी सांगायची, "डावीकडनं निघालाय आपला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आता दे की मेल्या, दे... नाही दिला. गाढव." माझ्या मॅचमध्ये फुटबॉल कमी आणि शिव्याच जास्त, असं विल्मा म्हणायची. विल्मा मेअर, 'बॅरल'ची मालकीण. पण बोझीला ते तसंच लागायचं. गोल झाला की मी त्याचा दंड दाबायची आणि तो सगळ्या पबच्या वरताण ओरडायचा. एकही गोल न पाहता इतक्या मनापासून ओरडणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

मग तो आजार आला आणि सगळ्या जगाला घरी बसवलं.

वसंत गेला, उन्हाळा अर्धा गेला, तेव्हा कुठे पब उघडले. वीस सालच्या नोव्हेंबरात दक्षिणेकडच्या शहरांतले पब पुन्हा बंद झाले, पण आमच्या किनाऱ्यावर आजार कमी, म्हणून आमचे चालू राहिले. चालू म्हणजे कसे, तर तोंड बांधून. गाणं नाही. ओरडणं नाही. टीव्ही लावा, पण आवाज बंद करून, कारण आवाज असला की माणसं त्याच्यावर आवाज चढवतात आणि तोंडातून रोग उडतो. टेबलं लांब लांब. खुर्चीवरून उठलात की मास्क चढवायचा. एरवी सत्तर माणसं कोंबून बसायची त्या खोलीत विल्मानं चौदा खुर्च्या ठेवल्या होत्या, आणि मधल्या जागेत सायकल चालवता आली असती.

टेकडीवरच्या मैदानात तर प्रेक्षकांना बंदीच होती. आमचा संघ, ज्याला सगळे हॅडीज म्हणतात, तो आमच्या डोक्यावर दहा मिनिटांच्या चढावर खेळायचा आणि आम्ही खाली बसून तोच खेळ टीव्हीवर बघायचो. क्लबनं स्टँडच्या छपरावर एक कॅमेरा बांधला होता. एकच. तो गोलकीपरचा मेहुणा फिरवायचा आणि अर्धा वेळ त्याला चेंडू सापडायचा नाही. गोल पुन्हा दाखवणं वगैरे काही नाही. पापणी लवली की गेला.

आणि माझी मॅच बंद पडली. मला बोझीपासून हातभर लांब बसायचं, बोलायचं ते हळू बोलायचं, आणि त्याला हळू बोललेलं ऐकू येत नाही. पहिल्या शनिवारी मी तीन वाक्यं बोलले. तिन्ही वेळा तो म्हणाला, "काय?" चौथ्यांदा मी तोंड उघडलं तशी विल्मा काउंटरवरून बोट ओठांवर ठेवून बघायला लागली. बोझी मॅचभर भिंतीकडे तोंड करून बसला. मध्यंतरात म्हणाला, "नॅन, पडदा ओढलेल्या खोलीत बसल्यासारखं वाटतंय गं." मला रडू आलं आणि त्या रडण्याचा रागही आला.

पुढच्या शनिवारी तो खिशात बायकोचा जुना रेडिओ घेऊन आला. कानात इअरफोनचं बोंडूक, आवाज पूर्ण चढवलेला. जिल्ह्याच्या रेडिओवर मॅचचं वर्णन असायचं.

"आता तुला त्रास नाही," तो म्हणाला.

"मला कसला त्रास होता?" मी म्हटलं. खरं सांगते, मला ते बोंडूक काढून बंदरात फेकावंसं वाटलं. इतकी वर्षं ज्या कानात मी बोलले त्या कानात आता कोण कुठला शिकलेला बाप्या गोड आवाजात बोलत होता, आणि तेही एक शिवी न देता.

त्या दिवशी किनलासच्या संघाशी सामना होता. शून्य-शून्य. सगळे चिडीचूप. अचानक बोझी म्हणाला, "गोल!"

टीव्हीवर आमचा गोलकीपर बुटाची नाडी बांधत होता.

"कुणाचा रे?" डॉडनं विचारलं. डॉड स्लेटर बोझीच्या बोटीवर खलाशी होता. बोझीनं बोट विकली तसं डॉडनं समुद्र सोडला.

"आपला. कॉर्नरवरनं. डोक्यानं मारला."

"स्किपर, आपला कीपर नाडी बांधतोय."

"बांधू दे की. गोल झालाय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. साखर डोक्यात गेली वाटतं, असं मनात आलं माझ्या. डॉडनं तर मान खाली घातली. मग टीव्हीवर चेंडू पुढं गेला, कॉर्नर मिळाला, उंच आला, आमच्या सेंटर हाफनं डोकं लावलं आणि जाळं हललं.

त्यानंतर जे झालं त्याला आम्हा चौदांपैकी कुणाचाच इलाज नव्हता. गोलचा आनंद एक, आणि भूत बघितल्यासारखा धक्का वेगळा. सगळे एकदम ओरडलो. डॉड खुर्चीवर चढला. माझ्या हातून ग्लास सुटला. विल्मा स्वतः "अरे देवा" म्हणून एवढ्यानं किंचाळली की बंदरावरचे पक्षी उडाले.

मग उलगडा झाला. रेडिओ तिथल्या तिथं बोलतो. मेहुण्याचा कॅमेरा मात्र इंटरनेटवरून कुठं कुठं फिरून येतो, अर्धा मिनिट उशिरा, कधी त्याहून जास्त. म्हणजे आम्ही डोळसांनी जे बघायचं ते आंधळ्या बोझीनं आधीच ऐकलेलं असायचं. डॉड हसता हसता म्हणाला, "स्किपर, आता तुम्हीच आमचे डोळे." बोझी गालातल्या गालात हसला. आजारानंतर पहिल्यांदाच हसताना दिसला.

हसणं मंगळवारपर्यंतच टिकलं. वरच्या गल्लीत सुट्टीपुरतं घर घेतलेला एक जण त्या साली तिथेच अडकून पडला होता. त्यानं तक्रार केली. जिल्ह्याच्या कचेरीतून मिस्टर पिरी आले. उंच, सडपातळ, चाळिशीच्या आतले. मास्कच्या वर नुसते डोळे, आणि ते डोळेही माफी मागत होते.

"मिसेस मेअर, मला तुमची अडचण समजते," ते म्हणाले.

"नाही समजत," विल्मा म्हणाली. "पुढे बोला."

"या वेळेला ताकीद. पुन्हा आत आरडाओरडा झाला तर मला दार बंद करावं लागेल. उन्हाळ्यापर्यंत तरी."

ते गेल्यावर विल्मा काउंटरचं एकच टोक कितीतरी वेळ पुसत राहिली. तिची आजी हेरिंग मासळी साफ करणाऱ्या पोरींना याच काउंटरवरून बिअर द्यायची. आईनं दोन पूर आणि एक नवरा इथेच निभावले. "उन्हाळ्यापर्यंत बंद म्हणजे कायमचंच बंद," ती म्हणाली. "मार्चपासून जे साठलेलं होतं त्यावर तगले. आता खाली काही नाही. पुढच्या शनिवारी मॅच लावायची नाही. ठरलं माझं."

पुढचा शनिवार म्हणजे कपचा सामना! चिठ्ठी निघाली होती आणि मोठ्या लीगमधले सेंट कॉलम्स आमच्या टेकडीवर येणार होते. त्यांच्या एका पायाच्या किमतीत आमचं बंदर बोटींसकट आलं असतं. असला संघ आमच्या गावात कुणाच्या आठवणीत आला नव्हता, आणि आला तो असा, मैदानात चिटपाखरू नसताना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

"विल्मा, असं करू नकोस गं," डॉड गयावया करत म्हणाला. "आम्ही तोंडातून ब्र काढणार नाही."

"गेल्या शनिवारीही काढणार नव्हतास. खुर्चीवर कोण चढलं होतं?"

"तो अचानक झाला! आधी कळलं असतं तर दाबला असता आतल्या आत."

हे ऐकून बोझीनं मान वर केली. "आधी कळेल की," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो सावकाश बोलत होता, बोटीवर हवामान सांगताना बोलायचा तसा. "डॉड, व्हीलहाऊसमधनं, सुकाणूपाशी उभा राहून, मी तुम्हाला काय ओरडून सांगायचो?"

"काही नाही. इंजिनापुढं ऐकू काय येणार? हात दाखवायचात."

"हात वर म्हणजे?"

"जाळं ओढा."

"मूठ?"

"थांबा. काहीतरी बिघडलं."

"मग झालं तर. आपला गोल, हात वर. त्यांचा गोल, मूठ. तुम्हाला अर्धा मिनिट मिळतो. स्कार्फ तोंडात कोंबा, खुर्ची धरा, काय वाटेल ते करा. कधी माझ्या हातानं तुम्हाला फसवलंय?"

डॉडनं मान हलवली. त्या हातानं कधी फसवलं नव्हतं. एका हिवाळ्यात त्याच मुठीनं जाळं ओढायची विंच वेळेवर थांबवली म्हणून डॉडचे दोन्ही हात आज जागेवर आहेत. गावातल्या प्रत्येक माणसाला हे माहीत आहे.

विल्मानं फडकं खाली ठेवलं. "एक आवाज," ती म्हणाली, "एक जरी आवाज झाला ना, तर पिरीच्या आधी मीच तुम्हाला बाहेर काढीन."

शनिवारी उत्तरेचा वारा होता, समुद्रावरून थेट टेकडीकडे. पावणेतीनला सगळे चौदा जण आलो. सगळ्यांच्या गळ्यात काळे-पिवळे स्कार्फ. विल्मानं स्टोव्हीचं पातेलं चढवलं होतं. बटाट्याचा आणि मांसाचा तो वास आला की निम्मा जीव जाग्यावर येतो. तेवढ्यात दार उघडलं आणि मिस्टर पिरी आत आले.

"कामावर आहे," ते म्हणाले. "आजची मॅच मोठी आहे म्हणून आम्ही सगळीकडे फिरतोय. मी कोपऱ्यात बसलो तर चालेल?"

"पंधरावी खुर्ची आणते," विल्मा म्हणाली. "स्टोव्ही खाणार का?"

"कामावर असताना नाही खात."

"मी विचारलं नाही, सांगितलं," असं म्हणून तिनं बशी त्यांच्यापुढं आदळली.

मॅच सुरू झाली. मी कितीतरी मॅच बघितल्या, पण असली नाही. वरच्या मैदानात कुणी नाही, खाली आमची अळीमिळी गुपचिळी. नुसता चमच्यांचा आवाज. मी बोझीच्या समोर बसले होते. टीव्हीकडे माझं लक्ष निम्मंच होतं, निम्मं त्याच्या उजव्या हाताकडे. तो टेबलावर पालथा पडला होता, जाड, भेगाळलेला, करंगळी वाकडी. सगळ्यांचंच तसं चाललेलं. डोळे टीव्हीवर आणि हातावर, टीव्हीवर आणि हातावर. मिस्टर पिरींना काही कळेना. ते आमच्या माना मोजत असावेत.

विसाव्या मिनिटाला हाताची मूठ झाली.

टीव्हीवर त्या वेळी आमचाच पोरगा चेंडू घेऊन त्यांच्या गोलपाशी पोचला होता. बघायला किती छान वाटत होतं, आणि आम्हाला माहीत होतं की यातून काही निघणार नाही. डॉडनं डोळे मिटले. चेंडू हुकला, उलटा फिरला आणि सेंट कॉलम्सनं चार पासात गोल केला. आमच्यातल्या एकानंही श्वास मोठा सोडला नाही. मिस्टर पिरींनी कौतुकानं विल्माकडे बघितलं. त्यांना वाटलं, या लोकांनी स्वतःला काय वळण लावलंय!

मध्यंतरात मी टेबलाखालून बोझीच्या पायाला पाय लावून विचारलं, कसं वाटतंय? तो पुढं झुकला. "नॅन, हा रेडिओवाला बरा सांगतो," तो हळू आवाजात म्हणाला. "पण याला कुणाचाच राग येत नाही गं. तुझ्यासारखी चव नाही." मी स्कार्फच्या आत हसले. ते बोंडूक बंदरात फेकायचा विचार मी तिथेच सोडून दिला.

दुसरा हाफ सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि हात वर गेला. उघडा पंजा, ताठ.

काय ते अर्धं मिनिट! तेरा माणसांनी एकदम स्कार्फ तोंडात कोंबले. डॉडनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. विल्मा काउंटरखाली वाकून दिसेनाशी झाली. टीव्हीवर चेंडू आमच्याच कीपरच्या हातात होता, आणि मिस्टर पिरी चमचा हवेत धरून बघत राहिले की या लोकांना एकदम झालंय तरी काय. मग कीपरनं चेंडू लांब मारला, त्यांचा बचाव घसरला आणि आमच्या छोट्या रॉरीनं तो कोपऱ्यात सारला. एक-एक! माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण तोंडातून आवाज नाही. काउंटरखालून नुसतं कपाळ लाकडावर आपटल्यासारखं ठक् ऐकू आलं.

आता मात्र मिस्टर पिरींना उमगलं. त्यांनी बोझीच्या कानातलं बोंडूक बघितलं, हात बघितला. आणि खुर्ची अशी वळवली की त्यांनाही तो हात दिसावा.

बाहेर अंधार पडला. सेंट कॉलम्सनी आम्हाला गोलपाशी कोंडून ठेवलं होतं. कीपरनं दोन वाचवले, एक खांबाला लागला. आमची पोरं दमली होती, हे त्या वेड्यावाकड्या कॅमेऱ्यातूनही दिसत होतं. त्यांच्यातला एक जण वर्कशॉपमध्ये काम करतो, एक शाळेची बस चालवतो, रॉरी सकाळी पाच वाजता मासळी लिलावात असतो. समोरचे लोक झोपून उठून नुसता फुटबॉल खेळतात. मला वाटलं, बस्स, एक-एक राहू दे, एवढ्यानंही जन्माचं समाधान. नव्वद मिनिटं होत आली.

हात वर गेला.

मी त्याच्याकडे बघतच होते म्हणून मला पुढचंही दिसलं. तो पंजा वर गेला, आणि तिथे थांबला नाही. त्यानं तो डोक्यावरून मागे, दाराच्या दिशेला, दोनदा जोरात हलवला. आणि बोझी उठला. मास्क चढवला, काठी घेतली आणि दाराकडे चालू लागला.

हे काही ठरलं नव्हतं. स्कार्फ तोंडापर्यंत नेलेले हात तिथल्या तिथे राहिले. मी डॉडकडे बघितलं. डॉड पांढराफटक पडला होता.

"सगळे डेकवर," तो पुटपुटला. "सगळ्यांना डेकवर बोलावतोय."

मग माझ्या लक्षात आलं. हा गोल त्याला गिळता येणार नव्हता. कुणालाच आला नसता, स्कार्फ काय, अख्खं जाळं तोंडात कोंबलं असतं तरी. आत ओरडलो तर विल्माचं दार बंद. बाहेर समुद्राच्या भिंतीशी ओरडायला मात्र आमच्या गावात आजवर कुणी कुणाची परवानगी मागितलेली नाही.

पण मग गोल? टीव्हीवर तो अजून व्हायचा होता. आमच्या क्लबनं आजवर केलेला सगळ्यांत मोठा गोल, अर्ध्या मिनिटात, डोळ्यांसमोर, एकदाच. पुन्हा दाखवणं नाही. बाहेर गेलो तर जन्मात दिसणार नाही.

डॉड पहिला उठला. त्यानं टीव्हीकडे वळूनही बघितलं नाही. व्हीलहाऊसमधून हात हलला की डॉड आधी उठतो आणि मग विचार करतो. त्याच्या मागे मी. खुर्च्या सरकल्या, मास्क चढले, एकेक जण रांगेत, अंतर ठेवून, शाळेतल्या पोरांसारखे. दारापाशी मी मागे बघितलं. विल्मा काउंटरपलीकडून बाहेर येत होती. ती एकदा टीव्हीपाशी अडखळली. मग ओला हात पोटाशी पुसत पुढे आली. आत उरले मिस्टर पिरी, त्यांची बशी आणि चौदा रिकाम्या खुर्च्या.

बाहेर वाऱ्यानं कान बधिर झाले. आम्ही भिंतीच्या कडेनं लांब लांब उभे राहिलो. बोझीनं मास्क खाली ओढला, तोंड टेकडीकडे केलं.

"आता," तो म्हणाला.

त्या आवाजाचं मी काय सांगू? मार्चपासून त्या गावात कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं. मयतं झाली तीही हळू आवाजात. ते सगळं त्या ओरडण्यात होतं. मी ओरडले, डॉड ओरडला, विल्मा दोन्ही मुठी वर करून ओरडली. खिडक्या उघडल्या, वरच्या गल्लीतल्या, बंदराच्या पलीकडच्या, आणि तिथूनही लोक ओरडायला लागले. त्यांच्यातल्या कुणाच्या टीव्हीवर गोल अजून झाला नव्हता, तरी ओरडले. वाऱ्यानं ते सगळं उचललं आणि टेकडीवर नेलं.

ओरडता ओरडता मला एकदम जाणवलं. मी हा गोल बघितला नव्हता. आमच्यापैकी कुणीच नाही. एका माणसाच्या हातावर भरवसा ठेवून आम्ही बोंबलत होतो, आणि इतकी वर्षं बोझी माझ्या नुसत्या दंड दाबण्यावर ओरडायचा तो असाच. त्याला हे कसं जमायचं ते मला आज कळलं. काही अवघड नसतं. सांगणाऱ्यावर जीव असावा लागतो.

बोझीनं मूठ वर केली. थांबा. सगळे एका क्षणात गप्प झालो. त्यानं कानातलं बोंडूक बोटानं आत दाबलं आणि ऐकत राहिला.

"काय रे? काय झालं?" मी विचारलं. "गोल रद्द केला की काय?"

"रेडिओवाला म्हणतोय," बोझी थांबत थांबत म्हणाला, "म्हणतोय, बंदराकडनं आवाज येतोय. म्हणतोय, इथं मैदानात ऐकू येतंय. पोरं... आपली पोरं कुंपणापाशी जाऊन उभी राहिलीयेत. खाली आपल्याकडं हात हलवतायत."

टेकडीवर मैदानाचे दिवे दिसत होते, बाकी काळोख. आम्ही सगळ्यांनी त्या दिव्यांकडे हात हलवले. त्यांना दिसणार नव्हतं. बोझीनंही हलवला. माझ्या गावाचा इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नाही, आणि हे मी तोंडावर सांगते, कुणाला लाज वाटली तर वाटू दे.

आत आलो तेव्हा टीव्हीवर शेवटची मिनिटं चालू होती. एकेक जण आपापल्या खुर्चीवर बसला, मास्क उतरवला. मिस्टर पिरी उभे होते. त्यांची स्टोव्ही संपली होती. दोन्ही कान लालबुंद.

"मिस्टर पिरी," विल्मा म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "आत कुणी ओरडलं?"

"नाही," ते म्हणाले. "आत मी एकटाच होतो."

"मग लिहायचं ते लिहा."

"लिहिण्यासारखं काही घडलं नाही, मिसेस मेअर."

बोझी टेबलाशी बसला. रेडिओवर शिट्टी झाली असावी, कारण त्यानं बोंडूक कानातून काढलं आणि नीट गुंडाळून खिशात ठेवलं. त्यानं हात वर केला नाही, पण आम्हाला कळलं. डॉडनं तोंड ओंजळीत लपवलं. दोन-एक. मोठ्या लीगवाले सेंट कॉलम्स, आमच्या टेकडीवर.

मग बोझी आवाजाच्या अंदाजानं कोपऱ्याकडे वळला.

"साहेब, इकडं या जरा. या बाकड्यावर बसा, हातभर लांब. हं. आता सांगा."

"काय सांगू?"

"गोल! रेडिओवाल्यानं सांगितला, पण तो बघणारा नाही, बोलणारा आहे. या खोलीत तो गोल बघितलेले एकटे तुम्ही. कसा झाला?"

मिस्टर पिरींनी आमच्याकडे बघितलं. चौदा तोंडं त्यांच्याकडे लागलेली. त्यांनी घसा साफ केला.

"म्हणजे, त्यांचा कॉर्नर होता. तो तुमच्या कीपरनं पकडला," ते म्हणाले. "त्यानं उजवीकडे फेकला. तिथून तो तीन नंबरचा, टकला..."

"शाळेची बस चालवतो," मी म्हटलं. "पुढे?"

"तो पळाला. मला वाटलं आता पडेल हा. पडला नाही. एकाला चुकवलं, मग दुसऱ्याला, आणि मग त्यानं मधे असा काही दिला, असा काही दिला की..." त्यांनी हातानं दाखवलं आणि बशी टेबलावरून जाता जाता वाचली. "आणि तो छोटा, रॉरी, तो तिथं पोचणं शक्यच नव्हतं! मी सांगतो, शक्यच नव्हतं! आणि त्या पोरानं धावत येऊन, चेंडू जमिनीला लागायच्या आत—"

"मिस्टर पिरी," विल्मा काउंटरवरून म्हणाली, बोट ओठांवर ठेवून. "आवाज."